बॅटरी बदलण्याआधी मोजून बघा

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये असते. ऑफिसला लोकलने जातो, त्यामुळे गाडी रविवारीच निघते. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. गॅरेजवाले म्हणतात, तिसरी टाका. टाकू का? (मुलुंड)

उत्तर : आत्ता टाकू नका. इतक्या लवकर दुसरी बॅटरी बसते तेव्हा दोष बहुधा बॅटरीबाहेर असतो, आणि तो तिसरीलाही खाईल. आधी एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणा, लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जात असेल, तर ती आतून गेलेली आहे. वर राहिली, तर बॅटरीला दोष देऊ नका.

आता गळती शोधायची. गाडी बंद असतानाही अलार्म, रिमोट लॉक, घड्याळ यांना थोडा करंट लागतोच. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा असं काही ०.३ अँपिअर ओढत असेल, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी पाच दिवसांत रिकामी, आणि तुमचा रविवार तर सातव्या दिवशी येतो! रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. दोन बॅटऱ्या अशाच गेल्या असाव्यात.

मोजायची पद्धत अशी : सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा, लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून. दारं लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि निदान अर्धा तास थांबा, कारण नव्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. घाईत घेतलेला आकडा फसवतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आकडा जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, तिथे चोर आहे.

गळती सापडली नाही, तर रविवारची फेरीच तोकडी असणार. दहा मिनिटांच्या फेरीत सेल्फने घेतलेलंही धड परत भरत नाही. पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी इंजिनातून चिरकल्यासारखा आवाज येतो. सिग्नलला एसी चालू असला की हेडलाइट मंद होतात, आणि परवा सायनजवळ डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरी संपली का? (दादर)

उत्तर : तो दिवा बॅटरीचं चित्र दाखवतो, पण तक्रार चार्जिंगची सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो अल्टरनेटर. त्याला फिरवणारा पट्टा ओला होऊन घसरला की असं चिरकतं. पट्ट्याला भेगा किंवा चकाकी दिसली तर तो आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर तपासून घ्या. मग इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.५ हवं. १३ च्या खाली राहिलं तर दोष अल्टरनेटरचे ब्रश, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा मधली वायर यांत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, आणि ओव्हरचार्जने बॅटरीचं पाणी उडतं. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी करतो, म्हणून लोड टाकूनच मोजा.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी एका टॅक्सीचा अल्टरनेटर बदलला होता. दोष निघाला इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, गंजलेल्या बोल्टखाली. त्या टॅक्सीवाल्या काकांचे पैसे उगाच गेले, ते मला अजून लागतं. म्हणून सांगतो : लोड चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाचा धातू यांच्यात मीटर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर आधी अर्थिंग घासून घट्ट करा.

आणि एक जपा. दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढला, तर ताबडतोब गाडी कडेला घ्या. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरतो.

प्रश्न : टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड पुन्हा पुन्हा जमते. (वर्सोवा)

उत्तर : बॅटरीतून निसटणारी आम्लाची वाफ आणि तुमच्याकडची खारी, दमट हवा. आधी निगेटिव्ह केबल काढा, मग पॉझिटिव्ह. खायचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशने घासा, झाकणांच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. तरीही महिन्याभरात परत आली, तर चार्जिंग व्होल्टेज मोजा.

प्रश्न : आमचे ड्रायव्हर चालू इंजिनात बॅटरीची केबल काढतात. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर ठीक, असं म्हणतात. बरोबर आहे का? (परळ)

उत्तर : त्यांना आजच थांबवा. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत ही सवय खपून गेली. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं, आणि त्यात डायोड किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी उडाली तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर येतं. त्यांच्या हातात मल्टीमीटर द्या, वापरायला दहा मिनिटांत शिकतील.