सूनबाई जर्मनीला निघाल्या आहेत

प्रश्न : माझी सून मिरजेच्या एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिने जर्मन भाषेची बी-वन (मध्यम पातळीची) परीक्षा उत्तीर्ण केली असून तिकडच्या रुग्णालयाचे नेमणूकपत्र येण्याच्या बेतात आहे. मुलाचा व्यवसाय बसला, घरावर कर्ज आहे, नातू सहा वर्षांचा आहे. ती म्हणते, ‘आई, हे मी घरासाठीच करते आहे.’ नातेवाईक म्हणतात, घराची एवढी ओढ असती तर लहान मूल टाकून गेली असती का? यापूर्वी अशा गेलेल्या बायकांचे आणि त्यांच्या संसारांचे पुढे काय झाले? (एक सासू, मिरज)

उत्तर : नातेवाइकांचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. हाच निर्णय आपल्या चिरंजीवांनी घेतला असता, तर घरासाठी परदेशी राबणारा कर्ता मुलगा म्हणून त्यांचे कौतुक झाले असते आणि नातवाला कोण सांभाळणार हे कोणी विचारलेही नसते.

आपण विचारलेल्या बायकांचा इतिहास मोठा आहे आणि त्यातला बराचसा केरळचा आहे. रुग्णाच्या शरीराला हात लावणे आणि रात्रपाळी करणे या दोन्ही गोष्टी सवर्ण हिंदू घरांना कमीपणाच्या वाटत होत्या, त्या काळात तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुली या पेशात आल्या. मुंबईच्या रुग्णालयांत मल्याळी सिस्टर घरोघरी परिचयाची झाली ती त्यामुळेच. पुष्कळ जणींसाठी मुंबईतला अनुभव ही आखाताच्या वाटेवरची पहिली पायरी होती. 1960च्या दशकात कॅथलिक चर्चच्या संस्थांमार्फत अशा काही हजार तरुणी पश्चिम जर्मनीला गेल्या. त्यांतल्या कित्येक जणी विशीच्या आतबाहेरच्या होत्या आणि शिक्षणही त्यांनी तिकडच्या रुग्णालयांतच घेतले. त्यांच्या पगारावर गावाकडे घरे उभी राहिली, भावांची शिक्षणे झाली, बहिणींचे हुंडे दिले गेले. एकेकाळी ज्या पेशामुळे मुलीचे लग्न अडत असे, त्याच पेशातली परदेशस्थ मुलगी पुढे स्थळ म्हणून हवीशी झाली, हे मात्र पेशाबद्दलचा आदर वाढल्यामुळे झाले असे मला वाटत नाही. पगाराचा आकडा वाढला होता.

आता संसाराविषयी. पश्चिम जर्मनीने नोव्हेंबर 1973मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली. परिचारिकांची गरज असल्यामुळे त्यांना लगेच झळ लागली नाही, पण त्या दशकाच्या उत्तरार्धात काही राज्यांनी त्यांचे परवाने वाढवून देण्याचे नाकारले. अनेकींना तिथे वर्षानुवर्षे काम केल्यानंतर परतावे लागले, तर काही जणी अमेरिकेला गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्यापैकी अनेकींनी भारतात येऊन लग्न केले. नवरे मागाहून गेले, परंतु त्यांना काम करण्याचा परवाना कित्येक वर्षे मिळत नसे. सुशिक्षित, कमावते पुरुष घरी बसून मुले सांभाळू लागले आणि बायको रात्रपाळी करून घर चालवू लागली. काही जोडप्यांनी मुले केरळात आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवली. यांतल्या कोणत्याही गोष्टीचा त्या बाईच्या मायेशी संबंध नव्हता. संसार एकत्र राहणार की दोन देशांत विभागला जाणार, हे परवान्याच्या नियमाने आणि घरातल्या पुरुषाच्या तयारीने ठरत होते. म्हणून आपणही सुनेच्या मनाची परीक्षा घेत बसण्यापेक्षा या दोन गोष्टींची चौकशी करावी, असे मी सुचवेन.

नियम आता पुष्कळ सैल झाले आहेत. परिचारिका म्हणून मान्यता मिळाल्यावर पुरेसे उत्पन्न दाखवून पती आणि अल्पवयीन मुलाला बोलावता येते, आणि कुटुंबाच्या परवान्यावर आलेल्या पतीला नोकरीही करता येते. अडचण आहे ती मधल्या काळाची. बी-वन घेऊन गेलेल्या परिचारिकेला तिथे सामान्यतः त्याच्या वरची बी-टू पातळी गाठावी लागते आणि आपल्या पदविकेला मान्यता मिळवण्यासाठी अनुकूलन अभ्यासक्रम (तिकडच्या कामाच्या पद्धतीशी जुळवून घेण्याचे प्रशिक्षण) किंवा ज्ञानचाचणी पार पाडावी लागते. तोपर्यंत ती साहाय्यक म्हणून, कमी पगारावर काम करते. इथे अतिदक्षता विभाग एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरला तिथे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे करावी लागतात, कारण आपल्याकडे मावशी किंवा नातेवाईक जे करतात ते तिकडे परिचर्येचाच भाग मानले जाते. उलट शिरेतून रक्त काढण्यासारखी कामे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर करतात. काम हलके नाही आणि सुरुवातीला अपमानास्पद वाटू शकते. फोनवर ती याविषयी बोलली, तर ‘तूच गेलीस ना?’ हे वाक्य आपण उच्चारू नये.

पगाराचा हिशेबही आधीच नीट मांडावा. नेमणूकपत्रातला आकडा रुपयांत गुणून कर्जफेडीचे वेळापत्रक करण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कर, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या वर्गणीत जातो. पती भारतात राहत असेल तर तिच्यावर अविवाहितेच्या दरानेच कर लागतो. शिवाय घरभाडे आहे. कर्जाचा हप्ता, घरखर्च आणि तिच्या स्वतःच्या नावाची बचत हे तीन आकडे ती निघण्यापूर्वी तिच्यासमोर कागदावर लिहावेत. तिसरा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. घरासाठी पैसे पाठवणाऱ्या बाईच्या पगारावर हळूहळू चुलत्याच्या आजारपणापासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळ्यांचा हक्क तयार होतो आणि ती नाही म्हणू शकत नाही.

नातवाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. तो सकाळी सातला शाळेला निघतो तेव्हा हिवाळ्यात तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. आपली रात्रीची साडेनवाची वेळ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे पाच, उन्हाळ्यात सहा. तिच्या पाळ्या पाहून आठवड्याचे वेळापत्रक करावे आणि मुलाला ते ठाऊक असावे. अभ्यास, दवाखाना, शाळेचे निर्णय यांत आईला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाही तर ती घरात केवळ पैसे पाठवणारी उरते.

प्रश्न : माझ्या बहिणीला कुवेतच्या रुग्णालयात लावून देतो म्हणून एक एजंट सहा लाख रुपये मागतो. ती कर्ज काढून भरायला तयार आहे. द्यावेत का? (एक भाऊ, अहिल्यानगर)

उत्तर : देऊ नयेत. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो. आखाती भरतीत परिचारिकांची लुबाडणूक इतकी वाढली, की 2015 साली केंद्र सरकारने कुवेतसह 18 देशांतली त्यांची भरती सरकारी संस्थांकडे सोपवली. एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. कर्जाचे ओझे काय करते याचे उदाहरण हवे असेल तर 2014 आठवावे. इराकमधल्या तिक्रितच्या युद्धात अडकलेल्या 46 परिचारिका 5 जुलैला कोचीला सुखरूप उतरल्या. त्यांच्यापैकी अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते, आणि ते फेडण्यासाठी पुन्हा परदेशीच जावे लागेल असे त्यांच्यातल्या काही जणी तेव्हाच सांगत होत्या.

प्रश्न : पत्नी पुढील वर्षी मला आणि मुलीला जर्मनीला बोलावणार आहे. मी तिकडे जाऊन काय करू? (एक पती, डोंबिवली)

उत्तर : आजपासून जर्मन शिका. त्या भाषेवाचून तुम्हाला तिथे तुमच्या शिक्षणाला साजेसे काम मिळणे कठीण आहे आणि मुलीच्या शिक्षकांशी बोलण्यासाठीही दरवेळी पत्नीलाच पाळी बदलून यावे लागेल. पहिले काही महिने घर आणि मुलगी मुख्यतः तुमच्याकडे असतील, हे धरून चाला. स्वयंपाक येत नसेल तर तोही आत्ताच शिकावा.