जुन्या वर्कस्टेशनमध्ये एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची मदरबोर्डवरची खाच) नाही, तरी एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी बसवता येईल का?

येईल. रिकाम्या पीसीआयई स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डसारखी कार्डं लावायची खाच) साधं अडॅप्टर कार्ड लावा, स्लॉट एक्स४ (डेटाच्या चार लेनचा) किंवा मोठा हवा. खरी अडचण बूटची, म्हणजे त्या ड्राइव्हवरून मशीन सुरू करण्याची. बऱ्याच जुन्या बायोसना (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) एनव्हीएमई ओळखताच येत नाही; विंडोजमध्ये ड्राइव्ह व्यवस्थित दिसते, पण बूटच्या यादीत नसते. तसं असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम साटा एसएसडीवर (केबलने जोडायची, जुन्या प्रकारची) ठेवा आणि जड प्रोजेक्ट एनव्हीएमईवर. साटा ३ वर सेकंदाला साधारण ५५० एमबी मिळतात, पीसीआयई २.० च्या चार लेनवर त्याच्या जवळपास तिप्पट. पण सध्या हार्ड डिस्कच असेल, तर आधी साटा एसएसडीच टाका. तेवढ्यानेही मशीन हलकं वाटेल. एनव्हीएमई एसएसडी अडॅप्टर कार्डवरच्या खाचेत तिरकी सरकवायची, मग वर उचललेलं टोक हलकेच दाबून बारीक स्क्रू लावायचा. आणि जुन्या डिस्कची नव्या ड्राइव्हवर केलेली हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, स्वतंत्रपणे बूट होईपर्यंत जुनी डिस्क अजिबात पुसू नका.