मागच्या खोलीत वायफाय येत नाही; स्विच आणि ॲक्सेस पॉइंट लावू की रिपीटर घेऊ?

तुमचं घर मला वाचूनच दिसलं: पुढे जुनं धाब्याचं, मागे नवं स्लॅबचं बांधकाम, त्यावर एक पत्र्याची खोली. राऊटर पुढच्या खोलीत आणि त्याचे चारही पोर्ट भरलेले. मुलगी अभ्यासाला बसते वर, आणि तिथे नेट नाही. मी अमळनेरचा. आमच्याकडेही पुढचं घर धाब्याचंच आहे, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय.

रिपीटर घेऊ नका. मी घेतला होता, म्हणून सांगतो. आपल्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. मे महिन्यात त्याच भिंती आपल्याला जगवतात, पण वायफायचा जीव त्यांच्यातच जातो, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्याचा तर नक्कीच. रिपीटर वायफायनेच सिग्नल उचलतो आणि वायफायनेच पुढे देतो. जिथे त्याला चांगला सिग्नल मिळतो तिथे तुम्हाला त्याची गरज नसते, आणि जिथे गरज असते तिथे त्यालाच काही मिळत नाही. त्यात साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही करतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मोबाईलवर दांड्या पूर्ण आणि व्हिडिओ गोल फिरतोय, असं आमच्याकडे चार महिने चाललं. आई रोज विचारायची, "नेट उनं का रे?" (आलं का रे?)

तेव्हा वायर ओढा. सगळं त्या वायरवर आहे. ॲक्सेस पॉइंट म्हणजे तिच्या टोकाला लावलेला दिवा समजा: वायरने आलेलं नेट तो तिथे वायफायने पसरवतो. कॅट ६ केबल घ्या आणि दुकानदाराला पूर्ण तांब्याचीच मागा. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, घरात तेवढी लागतच नाही. वायरमन लाईटच्याच पाइपातून केबल ओढायला बघेल, कारण त्याचं काम वाचतं. त्याला नाही म्हणा. पीव्हीसीची वेगळी पट्टी मारून घ्या. धाब्यात उंदीर असतातच, उघडी वायर ते ठेवत नाहीत. जो भाग उन्हात राहणार आहे तिथे बाहेर वापरायची काळी केबल लावा, घरातली केबल आपल्या उन्हात तडकते.

स्विच म्हणजे राऊटरच्या एका पोर्टचे अनेक पोर्ट करून देणारा डबा. तो साधा, ८ पोर्टचा, गिगाबिटचा (१००० एमबीपीएस वेगाचा) घ्या. त्यात सेटिंग काहीच नसतं. राऊटरच्या एका लॅन पोर्टमधून (घरातली यंत्रं जोडायचं भोक) केबल काढून स्विचला द्या, बाकी सगळं स्विचला. टीव्ही, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, कॉम्प्युटर त्यावर हलवले की राऊटर मोकळा.

थोडे पैसे जास्त घालायची तयारी असेल तर पीओई असलेला स्विच घ्या, म्हणजे ॲक्सेस पॉइंटला नेटच्याच केबलमधून वीज जाते. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला मी काय सांगणार! पीओई असेल तर राऊटर आणि स्विच पुढच्या खोलीतल्या एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर ठेवायचे, वरचा ॲक्सेस पॉइंट आपोआप चालू राहतो. फक्त स्विच आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही एकाच मानकाचे आहेत ना, म्हणजे ८०२.३एएफ किंवा एटी, ते खोक्यावर बघा. काही ॲक्सेस पॉइंट २४ व्होल्टच्या वेगळ्या पद्धतीवर चालतात, त्यांना त्यांच्यासोबत आलेलाच अडॅप्टर लावायचा. आणि लाईट गेली की राऊटर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का ते शोधा. आमचं तीन वर्षं चुकीच्या बाजूला होतं.

आता सेटिंग. बहुतेक लोक इथेच अडकतात, मीही अडकलो. घरातल्या प्रत्येक मोबाईल-टीव्हीला नेटवर्कचा पत्ता (आयपी) लागतो; ते पत्ते वाटणारा एकच हवा, आणि तो म्हणजे मुख्य राऊटर. ॲक्सेस पॉइंटला ॲक्सेस पॉइंट मोडवरच ठेवा. कपाटात जुना राऊटर पडून असेल तर नवीन घेण्याआधी तोच लावून बघा, फुकटात अंदाज येईल. त्यात तो मोड नसेल तर तीन कामं करा: डीएचसीपी (म्हणजे पत्ते वाटायचं काम) बंद, त्याचा स्वतःचा पत्ता बदला (मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि मुख्य राऊटर जे पत्ते वाटतो त्यांतून तो वगळा), आणि केबल वॅन पोर्टला (बाहेरून येणाऱ्या नेटचं भोक) न लावता लॅन पोर्टला लावा. मी डीएचसीपी बंद करायला विसरलो होतो. कधी सगळं चालायचं, कधी अर्ध्या मोबाईलना नेटच नाही. दोन दिवस मी केबललाच शिव्या घालत होतो.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १ दिला तर दुसऱ्याला ६ किंवा ११. मोबाईल जुन्या सिग्नलला चिकटून बसत असेल तर पुढच्या राऊटरची ताकद मध्यमवर आणा. कोणाला धरायचं हे मोबाईल ठरवतो, राऊटर नाही.

जोडून झालं की वेग तपासा. माझा आकडा ९४ एमबीपीएसवर अडकायचा, प्लॅन २०० चा. जॅकमध्ये तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात, नाहीतर तो गुपचूप १०० वर उतरतो. जॅक पुन्हा मारला आणि सुटलं. तुमच्या कंपनीच्या राऊटरचे पोर्टच १०० चे असतील तर मात्र जॅक मारून उपयोग नाही.

अजून एक, स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि नेट मेलं, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्या स्विचमध्ये तर नाहीत ना, बघा. दिवाळीच्या साफसफाईत आईने लोंबकळणारं टोक बरं दिसत नाही म्हणून रिकाम्या भोकात खोचून दिलं होतं.

तुमच्या वरच्या खोलीबद्दल: ॲक्सेस पॉइंट पत्र्याला चिकटवून लावू नका. अशा यंत्रांवर बहुधा ४० अंशांपर्यंतच चालतील असं लिहिलेलं असतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं. मधल्या जिन्याच्या भिंतीला, स्लॅबच्या खाली लावा. तिथून वरची खोली आणि मागची खोली दोन्ही धरतील असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. आधी जुना राऊटर तिथे टांगून बघा.

शेवटी तुम्ही गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं विचारलंय. तिथे तांब्याची केबल झाडावरून टांगून नेऊ नका. मृगाच्या पहिल्या विजेत आमच्या शेजाऱ्यांचा स्विच, डीव्हीआर आणि टीव्ही एका रात्रीत गेले, घरावर वीज पडलीही नव्हती. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका, धातूची तार नसलेली, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटची केबल एकमेकांना जोडणारा डबा. गोठ्याकडच्या कन्व्हर्टरला तिथलीच लाईट द्यावी लागेल, एवढी एक अडचण.