राजीनामा लिहून देऊ नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पुन्हा पुन्हा म्हणत होतास, "सर, माझी काही चूक नाही." नसेलही. पण ते ठरवायला पुढे वेळ आहे. आत्ता एवढंच बघ, की तुझं काही ऐकून न घेता शाळा चालवणाऱ्या संस्थेने "सोमवारपासून येऊ नका" म्हटलं आणि वरून "सन्मानाने राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ" असंही सांगितलं. त्यात सोय कोणाची आहे? तू स्वतःहून गेलास असं कागदावर आलं की काढून टाकलं म्हणायला जागा उरत नाही. मग अपील कशाविरुद्ध करशील?

खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1977 चा कायदा आहे. त्यात राजीनाम्याचीही रीत सांगितली आहे : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे, दुसरी आपल्याजवळ. ऑफिसात बसवून घाईघाईने लिहून घेतलेला कागद यात बसत नाही, पण ते सिद्ध करता करता वर्षं जातात. रुजू होताना कोऱ्या कागदावर सही घेतली होती का? आपल्याकडे सर्रास घेतात. घेतली असेल, तर आजच शिक्षणाधिकाऱ्यांना तसं लेखी कळव.

सोमवारी शाळेत जा, मस्टरवर सही करू दे म्हण. नाही करू दिली, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचं पत्र, प्रत जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांना. आवक शिक्का घे. शाळा पोच देणार नाही, हे गृहीत धर आणि नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून, म्हणजे मोठ्या पोस्टातून, पाठव. 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आहे. पोहोचल्याचा पुरावा मात्र मागून घे. भांडू नको. तिथे आवाज चढला की उद्धटपणाचा आरोप आयता मिळतो.

तू कायम नोकरीत आहेस, म्हणून आरोप असतील तर चौकशी व्हायला हवी. या कायद्याखालच्या 1981 च्या नियमांप्रमाणे चौकशी समिती तिघांची : एक संस्थेचा, एक तू नेमलेला, तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. आपला माणूस निवडताना बहुतेक जण जिवलग मित्राला घेतात आणि तो तिथे चहा पिऊन येतो. तू असा कोणी बघ, जो कागद वाचेल आणि पटलं नाही तर वेगळं मत लिहून सही करेल. दुसऱ्या खासगी शाळेतला चालतो.

आता मुदत. शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे, अपील 30 दिवसांत करावं लागतं. तोंडी काढलं तरी अपील होतं. संस्थांना एप्रिलअखेर का आवडते, सांगू? विदर्भात शाळा उघडते थेट जूनच्या शेवटी. माणूस विचार करतो, "उघडल्यावर साहेबांना भेटू," आणि भर उन्हात कूलरसमोर बसल्या बसल्या मुदत निघून जाते. योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण "साहेब बोलतो म्हणाले होते" हे फार मोठं कारण नव्हे.

एक कडू गोष्टही ऐक. चौकशीच झाली नाही म्हणून तू जिंकलास, तरी संस्था रीतसर चौकशी नव्याने करू शकते. आणि न्यायाधिकरण आधी तुझी नेमणूक तपासेल. जाहिरात, नेमणुकीचा आदेश, मान्यतेचं पत्र, पगार जमा झाल्याचं पासबुक, सगळं काढून ठेव.

थकीत पगाराचं म्हणशील, तर औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चुकीने काढलेल्याला परत घेताना मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम. मात्र मधल्या काळात आपण कुठे कमावत नव्हतो, हे आधी कर्मचाऱ्याने सांगायचं. कमावत होता, हे मग संस्थेने दाखवायचं. म्हणून शिकवण्या घेतल्यास तर लपवू नको. घर चालवायला त्या घ्याव्याच लागतील, त्यात लाज कसली बाप्पा?

वकील शाळा न्यायाधिकरणात नेहमी उभा राहणारा हवा, नातेवाइकांतला नको. रविवारी सकाळी फाइल घेऊन ये; आधी तारखा लावू, मग अर्जाचा मसुदा. घरी सांगितलं नसशील, तर त्याआधी सांग.

तुझा,
सर