नव्या वर्गशिक्षकांना, मोबाइलबद्दल

सर, वर्गात मोबाइल सापडला तर जरूर काढून घ्या, पण उघडून बघू नका. बंद करून, नाव लिहिलेल्या पाकिटात ऑफिसात ठेवा आणि पालकांच्याच हातात द्या. गृहपाठ मात्र फळ्यावरच लिहून द्या. तो ग्रुपवर टाकायचा आणि वर ‘मुलं मोबाइल सोडत नाहीत’ म्हणायचं, हे आपलंच चुकतं!

खरी डोकेदुखी रात्रीची. कुणी मुलीला धमकीचे मेसेज पाठवले, तर ‘डिलीट कर’ म्हणू नका. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवायला सांगा. अश्लील फोटोचं प्रकरण असेल तर तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपसात मिटवणं चालत नाही. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० वर फोन करा, तोही लगेच.