वारी दोनदा केली, आता एकटीने कामिनो: थांबायचं कोण सांगणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. वय त्रेपन्न, राहायला बोरिवली, आळंदी ते पंढरपूर दोनदा चालून झालेलं, आणि आता सप्टेंबरात स्पेनमधला कामिनो दे सांतियागो, म्हणजे सांतियागो शहरापर्यंतची ख्रिस्ती पायी तीर्थयात्रा, एकटीने करायचा आहे. रजा ३५ दिवसांची. सुरुवात फ्रान्समधल्या सां-जां-पिए-द-पोर गावापासून, ३३ टप्पे कागदावर लिहून झाले, बॅग ११ किलोची. रोज सकाळी आठ किलोमीटर चालता, ते पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी हा रस्ता पंचावन्नाव्या वर्षी मुलुंडहून एकटी जाऊन चालले. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आठ किलोमीटरचं नंतर बोलू. आधी तुमचा हिशोब. जाण्यायेण्यात चार दिवस जाणार, म्हणजे चालायला ३१ उरले आणि टप्पे ३३. सां-जांपासून सांतियागोपर्यंत अंतर साधारण ७८० किलोमीटर. ३१ दिवसांत, एकही दिवस न थांबता, रोज २५ किलोमीटर. हे जमणारे लोक आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्या पन्नाशीच्या बाईने हे अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वारीची गोष्ट घ्या. तिथे आपण चालतो, पण किती चालायचं ते आपण ठरवत नाही. पालखी पुण्यात थांबते, सासवडला थांबते. सामान ट्रकमध्ये, स्वयंपाकाला दिंडीतल्या बायका, विसावा कुठे ते ठरलेलं. पाय दुखला तर शेजारची माउली तेल चोळते आणि दटावतेसुद्धा, की आज गाडीत बस. एकट्याने परदेशात चालताना पाय तेच असतात, पण ही सगळी दिंडी आपल्यालाच व्हावं लागतं. त्यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे स्वतःला थांबवणं. माझी चूक तिथेच झाली. पहिल्या आठवड्यात दोन डच बायकांची छान सोबत मिळाली. त्या माझ्याहून उंच, पावलं लांब. सोबत सुटू नये म्हणून मी त्यांच्या वेगाने चालले. लोग्रोन्योला पोचेपर्यंत नडगीच्या खालच्या बाजूला ठणका लागला होता. तरी दुसऱ्या दिवशी नाहेरापर्यंतचे २९ किलोमीटर रेटले. तिथे पाऊल टेकवेना. तीन दिवस पलंगावर, मग दोन टप्पे बसने. वारीत मला कुणीतरी लोग्रोन्योच्या आधीच बसवलं असतं.

म्हणून माझा सल्ला असा: सुरुवात वाटेतल्या बुर्गोस शहराहून करा. तिथून सांतियागो साधारण ४९० किलोमीटर. रोज २० धरले तर २५ दिवस, म्हणजे विसाव्याला सहा दिवस हातात. माद्रिदहून बुर्गोसला बस अडीच-तीन तासांत पोचवते. सां-जांहून निघालं की पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत: २५ किलोमीटर आणि साडेबाराशे मीटरच्या आसपास चढ, तोही विमानप्रवासाचा शीण अंगात असताना. बुर्गोसच्या पुढे मात्र मेसेता, म्हणजे सपाट पठार. तिथे दहा-बारा दिवसांत शरीर आपोआप घडतं आणि डोंगर नंतर येतात. पिरेनीज पाहायचेच असतील तर यंदा सां-जां ते लेऑन करा आणि उरलेलं पुढच्या खेपेला. युरोपातले कितीतरी लोक असंच तुकड्यातुकड्यांनी चालतात, त्यात कमीपणा काहीच नाही. सांतियागोच्या प्रमाणपत्रालाही पायी शेवटचे १०० किलोमीटर पुरतात. त्यासाठी यात्रेकरूच्या पासपुस्तकावर, ज्याला तिथे क्रेदेन्सियाल म्हणतात, त्या शेवटच्या भागात रोज किमान दोन शिक्के घ्यायचे. पुढे ढकलायचा विचार आला तर एवढं लक्षात ठेवा: २५ जुलै, म्हणजे ज्यांच्या नावाची ही यात्रा त्या सेंट जेम्सचा दिवस, रविवारी आला की ते पवित्र वर्ष, आणि २०२७ तसं आहे. गर्दी खूप असेल.

आता आठ किलोमीटर. रोजचे आठ चांगलेच, पण कामिनोवर कस लागतो तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळी. काल वीस झाले, टाच हुळहुळतेय, मोजे अजून ओलसर, आणि आज पुन्हा वीस. ही सवय घरूनच करायची. तुमच्या दारात नॅशनल पार्क आहे. गेटपासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर, जाऊन-येऊन तेरा-चौदा. शनिवारी भरलेली बॅग घेऊन ते करा, आणि रविवारी पुन्हा करा. सोमवारी पार्क बंद असतं, तीच तुमची विश्रांती. महिनाभराने शनिवार-रविवार मिळून चाळीसपर्यंत न्या. एकदा नेरळहून पायी माथेरान चढा, आणि उतरतानाही गाडी करू नका. उतारच महत्त्वाचा. क्रूझ दे फेरो हा लोखंडी क्रूस साधारण १,५०० मीटरवर आहे. तिथून मोलिनासेका गावापर्यंत जवळजवळ नऊशे मीटर उतरायचं, सुट्या दगडांवरून. माझ्या ओळखीत जितके गुडघे गेले ते अशा उतारांवर गेले. बिल्डिंगचा जिना उतरण्याचा सराव करा, आणि चालायच्या दोन काठ्या आत्ताच घेऊन त्यांची सवय लावा. काठ्या विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, त्या चेक-इन बॅगेत घालाव्या लागतात.

आत्ता मे आहे, म्हणजे तुमचा सगळा सराव आपल्या पावसात होणार, आणि हे उत्तम आहे. ओ सेब्रेइरो या गावापासून पुढे गालिसिया प्रांत लागतो. तो आपल्या कोकणासारखा हिरवा आणि तसाच भिजका. जुलैत भर पावसात भिजलेल्या बुटांनी पंधरा किलोमीटर चालून बघा. कुठे घासतं, कुठे फोड येतो, ते इथे कळलं तर लोकल पकडून घरी येता येतं. फोडाचं माझं शास्त्र साधं आहे: सकाळी बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन, जिथे गरम लागेल तिथे त्याच क्षणी बूट काढून टेप. पुढच्या गावी बघू, असं म्हटलं की फोड आलाच. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, घोट्याखालचे आणि हलके, आणि संध्याकाळी पाय सुजलेले असताना घेतलेले. निघण्याआधी त्या बुटांवर दीडशे-दोनशे किलोमीटर तरी झालेले हवेत.

बॅग. अकरा किलो फार झाले. शरीराच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे तुम्हाला सहा किलोच्या आत, पाणी आणि खाऊ सोडून. तुमच्या यादीत तीन पंजाबी सूट, छोटा कुकर, दोन किलो खाऊ, जीन्स आणि ब्लँकेट दिसलं. कपड्यांचे दोन जोड पुरतात: एक अंगावर, एक दोरीवर. रोज दुपारी पोचल्यावर आधी कपडे धुवायचे, मग आंघोळ, मग जेवण. ब्लँकेटऐवजी हलकी स्लीपिंग बॅग, पावसाचा पोंचो, रात्रीची सपाता, कानात घालायचे बोळे, छोटा टॉर्च, सेफ्टी पिना. खाऊत मेतकूट आणि लसणाची चटणी तेवढी न्या, बाकी काढा. दुखणं आलंच तर बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा आहेत, स्पॅनिश टपालखातंसुद्धा ते करतं. ती सोय वापरली म्हणून यात्रा उणी होत नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात. तुम्ही स्पेनमध्येच राहणार, तेव्हा शेंगेन व्हिसा स्पेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यातली अपॉइंटमेंटची गर्दी पाहता तुम्ही याच महिन्यात वेळ घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घेताना विचारून घ्या की रोजची लांब पायपीट त्यात धरली आहे ना. सोबत एक पत्र जोडा: पायी तीर्थयात्रा, रोजचं गाव, अंतर, मुक्काम. बुकिंग रद्द करता येणारी घ्या. सरकारी अल्बेर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, बहुधा आधी बुक होत नाहीत. आधी येईल त्याला पलंग. खासगी होतात. तिथे गेल्यावर एक-दोन दिवसांपुढचं अडवून ठेवू नका, नाहीतर पाय थांब म्हणतील आणि बुकिंग चल म्हणेल.

शाकाहारी आहात म्हणून हे सविस्तर लिहिते. ‘सोय वेखेतारियाना’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही. पुढे ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ म्हणायचं: मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. साध्या सॅलडवर ट्यूना येतो, मसुराच्या आमटीत सॉसेज असतं, गालिसियातल्या भाजीच्या सूपातसुद्धा डुकराची चरबी असते. तोर्तिया म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट. अंडं चालत असेल तर सकाळ सुटली. चालत नसेल तर पाव, चीज, टोमॅटो, फळं, बदाम, आणि स्वयंपाकघर असलेल्या अल्बेर्गेत स्वतःचा भात. मसाल्याची पुडी तिथे सोन्यासारखी वाटते. दुपारी दोन ते पाच गावं बंद असतात, रविवारी दुकानंही, तेव्हा शनिवारी खरेदी करून ठेवा. मेसेतावरच्या कार्रिओन गावाच्या पुढे १७ किलोमीटर एकही गाव नाही. तिथे दोन लिटर पाणी आणि खाणं घेऊनच निघा. वाटेतल्या नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका.

एकट्या बाईच्या सुरक्षेचं तुमच्या यजमानांनी विचारलंय, ते बरोबरच आहे. रस्ता पिवळ्या बाणांनी आखलेला आहे. १९८४ मध्ये ओ सेब्रेइरोच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी हे बाण रंगवायला सुरुवात केली. चुकायला होत नाही, पण उजाडलेलं हवं. स्पेन पश्चिमेला असूनही घड्याळ मध्य युरोपचं, त्यामुळे सप्टेंबरअखेर तिथे आठच्या सुमारास उजाडतं. मेसेतावर दुपारचं ऊन टाळायला लोक काळोखातच निघतात. तुम्ही एकट्या निघू नका. पलंगाशेजारच्या कुणालाही सांगा, आनंदाने सोबत देतात. आपत्कालीन नंबर ११२, आणि अलर्टकॉप्स हे स्पॅनिश पोलिसांचं अॅप निघण्याआधी फोनवर घ्या. पासपोर्ट, कार्ड आणि रोख कमरेच्या पाकिटात, आंघोळीलासुद्धा सोबत. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका: फॉरेक्स कार्ड हवं, आणि सुटे युरो हवेत. काही धर्मशाळा ऐच्छिक दानावर चालतात. तिथे पेटी बघून कमी टाकायचा मोह होतो, तो टाळावा. त्याच पैशांतून उद्या येणाऱ्यांचं जेवण शिजतं.

आपण हिंदू, चर्चमध्ये काय करायचं, असं तुम्ही शेवटी दबकत विचारलंत. मला कुणी एकदाही अडवलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बऱ्याच ठिकाणी यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, मी पुढे जाऊन डोकं वाकवत असे. चालताना ओठात ज्ञानोबा-तुकारामाचा गजर असायचा आणि पावलं त्यावर पडायची. क्रूझ दे फेरोपाशी लोक घरून आणलेला दगड ठेवतात. मी आईच्या अंगणातला जांभ्याचा खडा नेला होता. आई गेल्यावर ते घर विकलं गेलं, तेव्हा उचलून ठेवलेला. करड्या दगडांच्या ढिगात तो लाल खडा लांबूनही दिसत होता. मी तासभर तिथे बसले. ताई, त्या दिवशी माझ्याकडे वेळ होता, कारण नाहेरानंतर मी घाई सोडली होती. तुम्हालाही तिथे तासभर बसता यावं, म्हणून हा सगळा दिवसांचा हिशोब मांडला.

रविवारी बॅग पुन्हा भरा आणि वाण्याच्या काट्यावर तोलून आकडा मला कळवा. सहाच्या वर असेल तर यादीही पाठवा, काय काढायचं ते सांगते.