संकेतस्थळावरील घराची चुकीची माहिती कशी दुरुस्त करावी?

प्रश्न : 1993 च्या भूकंपात तडे गेलेले आमचे लातूरचे जुने घर पाडून आम्ही 1996 मध्ये आरसीसी बांधकाम केले आणि पुढे वरचा मजला चढवला. घरांचा अंदाजे भाव सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मात्र, कुण्या दलालाच्या जुन्या जाहिरातीमुळे, बांधकाम 1978 चे व केवळ तळमजला असे दिसते आणि किंमत फारच कमी येते. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मुलाने तिकडच्या 'झिलो'वर आपल्या घराची माहिती स्वतः दुरुस्त केली. तसे इथे करता येईल काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : करता येईल, पण तितके सरळ नाही. 'झिलो'वर मालकीची खातरजमा करून दिली की घरमालकाला खोल्या, क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष हे तपशील बदलता येतात. किमतीचा आकडा मात्र संगणकच काढतो. त्यातही टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याचे बंधन नसल्यामुळे तिथला अंदाज अधिक सैल असतो, हे चिरंजीवांच्या कानावर घालावे.

आपल्याकडील बहुतेक संकेतस्थळे जाहिरातींतील अपेक्षित भावांवर विसंबतात. तेव्हा मूळ जाहिरातच काढून टाकण्याची लेखी मागणी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. नवी माहिती भरताना क्षेत्रफळ चटई (भिंतींच्या आतले) की बांधीव (भिंती धरून), हे स्पष्ट लिहावे. कागदावर चौरस मीटर असतील तर 100 चौरस मीटर म्हणजे सुमारे 1,076 चौरस फूट.

खरी मेख बांधकामाच्या वर्षात आहे. लातूरकडे घर भूकंपाआधीचे की नंतरचे, हे गिऱ्हाईक दारातच विचारते. आणि दस्तनोंदणीच्या वेळी शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून इमारतीचे मूल्य काढतानाही तिचे वय व बांधकामाचा प्रकार पाहून घसारा, म्हणजे जुनेपणामुळे मूल्यात होणारी घट, धरला जातो. मिळकत पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्डवरून) हे वर्ष सिद्ध होत नाही, कारण तिच्यात मुख्यतः जागेचे क्षेत्र आणि धारकाचे नाव असते. त्यासाठी बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि महापालिकेचा कर आकारणीचा उतारा जवळ ठेवावा. पत्रिकेतच लेखनप्रमाद असेल, तर नगर भूमापन कार्यालयाकडे पुराव्यासह अर्ज करावा लागतो.

वरच्या मजल्याची नोंद कर आकारणीत झाली आहे काय, हे आधी पाहावे. ती नसेल, तर संकेतस्थळावर मजला दाखवून किंमत फुगेल खरी, पण खरेदीदाराचा वकील उतारा मागताच सौदा अडेल. शिवाय कराची थकबाकी निघण्याची शक्यता वेगळीच. म्हणून आधी महापालिकेत नोंद करून घ्यावी आणि मगच संकेतस्थळाकडे वळावे. कर्ज देणारी बँक तर संकेतस्थळावरच्या आकड्याकडे पाहतही नाही. ती आपला मूल्यांकनकार पाठवते आणि तो हेच कागद मागतो.